अपात्र स्पायडरमॅन

अकोल्याहून सुट्टीत आलेली माझी भाची यंदा नववीत गेली. सिनेमागृहाच्या अंधारात तिनं माझं कोपर ओढलं आणि विचारलं, "मामा, त्याच्या बाबाले मराच लागीन, असं कोनं ठरोलं?"

पडद्यावर तेव्हा शेकडो स्पायडरमॅन एका पंधरा वर्षांच्या पोराला वेढून उभे होते. तुझा बाप दोन दिवसांनी मरणार आहे, तो मेलाच पाहिजे, तू मध्ये पडू नकोस, असं ते त्याला समजावत होते. कुणी मायेनं, कुणी दरडावून. मला उत्तर सुचलं नाही. मी नुसतं "पाह्य पुढं" म्हणालो. सिनेमा पाहून महिना झाला, मधल्या काळात पाऊस आला, पेरण्या लागल्या, भाची अकोल्याला परत गेली. तो प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

सिनेमाचं नाव 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'. 1 जून 2023 ला, म्हणजे अमेरिकेच्या एक दिवस आधी, तो आपल्याकडे लागला. दोन तास वीस मिनिटांचा, संपूर्ण चित्रांचा. चित्रांचा म्हटला की आपल्याकडे तो लगेच 'लेकरांचा' होतो. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ दोन मुलांना मध्ये बसवून सगळा वेळ मोबाईल चाळत होते. त्यांची मुलं काय पाहून घरी गेली हे त्यांना कळलं नाही, याचं मला वाईट वाटलं. कारण गेल्या काही वर्षांत बापलेकांच्या नात्यावर इतका चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही.

सुपरहिरोंची टोळी जमवायची, हा हॉलिवूडचा आता पाठ झालेला धडा आहे. 2012 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये सहा जण जमले, आधी आपसांत भांडले, मग आभाळातून उतरलेल्या फौजेशी भांडले, न्यूयॉर्कची धूळधाण झाली आणि शेवटी सगळे एका हॉटेलात मुकाट जेवत बसले. 2019 च्या 'एंडगेम'पर्यंत त्या सहांचे इतके झाले की शेवटच्या लढाईत पडदा पुरेना. अशी जत्रा भरली की प्रत्येक नायकाच्या वाट्याला एक टाळी येते. टाळी वाजते आणि माणूस हरवतो. वाचलेल्या शहरात कोण राहतं, त्यांची घरं कोण बांधून देतं, हे विचारायला त्या सिनेमांना सवड नसते.

या सिनेमातही जत्रा आहे, नव्हे, तिच्यापुढे 'एंडगेम' लहान वाटावा एवढी आहे. घोड्यावरचा स्पायडरमॅन आहे, मांजर आहे, डायनासोर आहे, पोटुशी असून मोटारसायकल हाकणारी स्पायडरवुमन आहे, अंगाशी तान्ही लेक बांधून भिंतीवर चढणारा बाप आहे. पण या कथेत एवढी मोठी टोळी जमते आणि ती चुकीच्या बाजूला उभी असते. खलनायक आहे, स्पॉट नावाचा, अंगभर भोकं पडलेला. तो पळत राहतो. खरी झुंज त्याच्याशी नाही. ती चांगल्या माणसांशी आहे, ज्यांनी एक वाईट गोष्ट 'असंच असतं' म्हणून स्वीकारली आहे. सुपरहिरोंच्या टोळीच्या सिनेमांत हे धाडस मी पहिल्यांदा पाहिलं.

कथेत शिरण्याआधी एक तक्रार नोंदवतो, कारण ती पोटातून आलेली आहे.

हा सिनेमा भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत आणला गेला आणि त्या दहांत मराठी होती. 'इन्फिनिटी वॉर' आणि 'एंडगेम' आले तेव्हा हिंदी होती, तमिळ होती, तेलुगू होती, मराठीला जागा नव्हती. म्हणजे ही मोठी गोष्ट होती. कोळ्याच्या जाळ्याला जाळं म्हणणारा, बापाला 'बाबा' म्हणणारा स्पायडरमॅन मला भाचीसोबत पाहायचा होता. अमरावतीत मला मराठी खेळ सापडला नाही. खिडकीवरच्या पोरानं विचारलं, "मराठीत कोन पाह्यते सर?" आम्ही हिंदीत पाहिला.

अमरावती हे सिनेमाच्या धंद्यातलं आडगाव नाही हो. सीपी-बेरार सर्किटचे वितरक इथे आणि भुसावळात बसत. राजकमल, चित्रा, श्याम, सरोज, प्रभात: या गावाच्या चौकांना टॉकीजांची नावं आहेत, रिक्षावाल्याला आजही तीच सांगावी लागतात. ज्या गावानं चौकांना टॉकीजांची नावं दिली, त्या गावात मराठीत केलेला सिनेमा मराठीत पाहायला मिळू नये? खर्च करून, आवाज देऊन तयार केलेली भाषांतरं डब्यात राहतात आणि मग म्हणायचं, मागणी नाही. जे कुणी दाखवलंच नाही, ते लोक मागतील कसे?

आणि हे दुःख दुप्पट होतं, कारण या सिनेमाचा मधला एक मोठा तुकडा मुंबईत घडतो. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं 'मुंबॅटन' नावाचं शहर. एकावर एक चढलेल्या वस्त्या, त्यांच्या मधून लोंबणारे पूल, माणसांचा आणि गाड्यांचा न संपणारा लोंढा. तिथला स्पायडरमॅन म्हणजे पवित्र प्रभाकर. हे पात्र मूळ 2004 च्या भारतीय कॉमिकमधलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग या तिघांनी केलेलं. त्या कॉमिकमध्ये पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला येतो आणि धोतर नेसूनच भिंती चढतो. सिनेमात खेडं गेलं, केस मात्र झुबकेदार झाले. हिंदीत त्याला शुभमन गिलचा आवाज आहे. क्रिकेटपटूचा आवाज म्हणून आधी मी नाक मुरडलं होतं, पण पोराचा तो उत्साही, जरा शेखी मिरवणारा सूर त्याला बरोबर साधला.

चहाचा प्रसंग सगळ्यांना आवडला, मलाही. सिनेमाचा नायक माइल्स अमेरिकन सवयीनं 'चाय टी' म्हणतो आणि पवित्र त्याच्यावर उखडतो, कारण चाय म्हणजेच टी. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. नंतर मी हा सिनेमा इंग्रजीतही पाहिला. पवित्रच्या तोंडी मराठी शब्द माझ्या कानावर पडला नाही. अर्धी मुंबई घेतली आणि तिची भाषा तेवढी राहून गेली. चहावरून चिडणाऱ्या पोराला यावर चिडायला कुणी शिकवायला हवं होतं.

त्या शहराचे रंग मात्र मला थेट चाळीस वर्षं मागे घेऊन गेले. जाड काळ्या रेघा, त्यांच्या बाहेर जरासा सांडलेला नारिंगी, फिकट पिवळं आभाळ. ही चित्रं करणाऱ्यांनी जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची शैली डोळ्यांसमोर ठेवली होती. टाइम्स ऑफ इंडियानं 1964 मध्ये सुरू केलेलं ते इंद्रजाल मराठीतही निघे. अकोल्याच्या स्टँडवर ते मिळायचं. आमच्यासाठी फँटम नव्हताच, वेताळ होता. वेताळ मराठीत बोलायचा, मँड्रेक मराठीत जादू करायचा, आणि कुणी आम्हाला विचारलं नव्हतं की मराठीत कोण वाचतं. कागद पिवळा पडायचा, पिन निघून यायची, तरी एक अंक मोहल्ल्यातली दहा पोरं वाचायची. ते रंग आमच्या घरात मराठीतून आले आणि कॅलिफोर्नियाला जाऊन हिंदीतून परत आले. म्हणून म्हणतो, हा मराठी खेळ आम्हाला मिळायलाच हवा होता. तक्रार इथे संपली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनचा मुलगा, तिथला स्पायडरमॅन. बाप पोलिसात, आई दवाखान्यात. तो मुंबॅटनमध्ये असताना तिथे एक इमारत कोसळते. त्या पडझडीत इन्स्पेक्टर सिंग एका लहान मुलाला वाचवायला धावतो. हा इन्स्पेक्टर म्हणजे पवित्रच्या मैत्रिणीचा बाप. वरून ढिगारा येतो आहे. माइल्सची जोडीदार, दुसऱ्या विश्वातली स्पायडरवुमन ग्वेन, त्याला अडवते. तिला काहीतरी ठाऊक आहे, ते ती सांगत नाही. माइल्स तिचा हात सोडवून उडी मारतो आणि त्या माणसाला बाहेर काढतो. लोक जल्लोष करतात, माइल्सही खूश होतो. आणि तेवढ्यात जमिनीला भलंमोठं छिद्र पडू लागतं.

मग त्याला वेगवेगळ्या विश्वांतल्या स्पायडरमॅनांच्या टोळीच्या मुख्यालयात नेलं जातं. तिथला प्रमुख मिगेल त्याला एक दिव्यांचं जाळं दाखवतो. प्रत्येक विश्वातल्या प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही प्रसंग ठरलेले. काका मरणार. ओळखीतला पोलीस कॅप्टन मरणार, कुठल्यातरी मुलाला ढिगाऱ्यापासून वाचवताना. मूळ कॉमिकमध्ये हे 1970 साली घडलं होतं: ग्वेनचा बाप, कॅप्टन स्टेसी, असाच गेला. कथाकारांनी एकदा लिहिलं, लोकांना रडू आलं, आणि पन्नास वर्षांत त्याचा नियम झाला. या नियमाला सिनेमात 'कॅनन' म्हणतात. तो मोडला तर विश्व फाटतं, असं मिगेलचं म्हणणं. इन्स्पेक्टर सिंग मरायला हवा होता. तू त्याला वाचवलंस, ही तुझी चूक. आणि तुझा बाप कॅप्टन होणार आहे.

मिगेल दुष्ट नाही, हे दिग्दर्शकांनी आणि लेखकांनी फार नीट जपलं आहे. त्यानंही लेक गमावली आहे. दुसऱ्या विश्वात मेलेल्या एका बापाची जागा तो घ्यायला गेला, काही दिवस त्या घरात सुखानं राहिला आणि ते सगळं विश्वच त्याच्या हातातून, मिठीतल्या पोरीसकट, विरून गेलं. तेव्हापासून तो हिशेब ठेवतो. एक गेला तर चालेल, बाकीचे वाचले पाहिजेत. दुःखातून आलेला हा हिशेब आहे, म्हणून त्याला नावं ठेवणं जड जातं. त्याच्याभोवती उभे असलेले सगळे जण त्यातून गेलेले. प्रत्येकाचं कुणीतरी मेलेलं. मीही सोसलं, तूही सोस, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचं याहून वेगळं काय असतं?

मग मिगेल शेवटचा घाव घालतो. ज्या कोळ्यानं माइल्सला चावा घेतला, तो दुसऱ्याच विश्वातून आलेला. म्हणजे माइल्स स्पायडरमॅन व्हायलाच नको होता. त्याची नोंदच चुकीची.

इथे माझ्या पोटात गोळा आला. हे मी आधी ऐकलेलं होतं, सिनेमात नव्हे. आमच्याकडे त्याला 'अपात्र' म्हणतात.

बाहेर पडल्यावर भाचीला गिला वडा खायचा होता. अमरावतीला आलेल्या पाहुण्याला गिला वडा खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नसतं. गाडीवर उभे राहिलो. द्रोणात दह्यात बुडालेला वडा, वर चिंचेची चटणी. दोन घास खाऊन तिनं द्रोण खाली ठेवला आणि वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल सांगू लागली. अकोल्याजवळच्या एका गावची पोर, शिकायला मामाकडे राहते. वडील कपाशीवाले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. घरी चौकशी झाली, कागद झाले, फाइल वर गेली. ती 'अपात्र' म्हणून परत आली. कारण कर्ज बँकेचं नव्हतं. कृषी केंद्राची उधारी होती आणि सोयऱ्यांकडून घेतलेले हातउसने पैसे होते. बियाणं त्याच पैशांचं, खतही त्याच पैशांचं. पण ते कागदावर कर्ज नाही. म्हणजे ती आत्महत्या शेतकऱ्याची नाही.

"माइल्सलेबी तसंच म्हनलं ना मामा," ती म्हणाली, "तू आमच्यातला नाईस म्हनून."

मी माझाही द्रोण खाली ठेवला.

वाचकांपैकी जे पुण्या-मुंबईचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो, ही पात्र-अपात्राची भाषा कुठून आली. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांची नोंद 2001 पासून ठेवली जाते. 2006 च्या जानेवारीत सरकारनं मदतीचे निकष पक्के केले. नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी बँकेचं किंवा सोसायटीचं हवं, नाहीतर परवानाधारक सावकाराचं. जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि ठरवते. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. त्याच वर्षी जूनअखेरीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ज्या पोरांचा तेव्हा जन्म झाला, ती आता मोठी झाली. नोंद अजून चालू आहे.

नोंद ठेवणं वाईट नाही. नोंद नसती तर किती घरं गेली हेही कळलं नसतं. पण नोंदीची सवय होते. मी वर्तमानपत्राच्या धंद्यात आहे, मला ठाऊक आहे. पहिली पाच-सात वर्षं ही बातमी पहिल्या पानावर यायची. मग आत गेली. मग एका कॉलमात आली, मग महिन्याच्या आकड्यात. कुणी मुद्दाम केलं नाही. आपण मान्य करून टाकलं की वऱ्हाडात हे असतं. कपाशीचा पट्टा आहे, कोरडवाहू आहे, बोंडअळी आहे, भाव नाही, म्हणजे इतके इतके जाणारच. 'त्याच्या नशिबात होतं', 'वेळ भरली होती', 'हे तं चालतेच बाप्पा': आमचं कॅनन या शब्दांत बोलतं. मिगेलच्या दिव्यांच्या जाळ्याइतकंच ते नेटकं आहे आणि तितकंच खोटं.

खोटं आहे, हे सिनेमा ज्या जागी दाखवतो ती जागा बघा. तिथे मारामारी नाही, ढिगारा नाही. ग्वेन हरून आपल्या घरी परत येते. तिचा बाप, कॅप्टन स्टेसी, जलरंगांनी ओघळणाऱ्या त्या खोलीत उभा आहे. हा ठरलेल्या नियमानं मरणार, याचं ओझं ती सिनेमाभर वागवत आलेली आहे. आणि तो सांगतो की, मी नोकरीचा राजीनामा दिला. म्हणजे तो आता कॅप्टनच नाही. मरायचं होतं कॅप्टननं. पोरीचं तोंड पाहून बापानं वर्दी उतरवली आणि पन्नास वर्षांचा नियम संपला. विश्व फाटलं नाही. मागच्या भिंतीचा रंग तेवढा निळ्याचा गुलाबी झाला. मी बऱ्याच दिवसांनी थिएटरात डोळे पुसले.

मरण टाळायला दर वेळी आभाळातून उडी मारावी लागत नाही. वसुलीला निघालेला माणूस एक हंगाम थांबला, कृषी केंद्रवाल्याच्या उधारीची कुठेतरी रीतसर नोंद झाली, सोसायटीच्या सचिवानं नवं कर्ज वेळेवर दिलं, शेजाऱ्यानं दोन दिवस दार न उघडलेल्या घराचं दार वाजवलं, तर एखादा कॅप्टन वाचतो. या राजीनाम्याएवढ्याच साध्या गोष्टी आहेत.

आणि ठरलेलं मोडण्याची वऱ्हाडाला सवय नाही असं कुणी म्हणू नये. शेंडगावचा डेबूजी दापुऱ्याला मामाच्या घरी वाढला. एक गाव अमरावती जिल्ह्यातलं, दुसरं अकोल्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. पोरीच्या बारशाला दारू आणि मटणाचं जेवण द्यायचं, ही त्याच्या जातीची रीत. बाप दारूपायी गेलेला. रीत मोडली तर बिरादरी काय म्हणेल, देव कोपेल, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यानं पोरीच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं. काही कोसळलं नाही. 1905 साली घर सोडून तो गाडगेबाबा झाला, पण माझ्या मते तो त्या बारशाच्या पंगतीतच झाला होता. पंगतीत वाढता वाढता एक माणूस म्हणाला की, ही रीत मी पाळणार नाही. त्याच्यावर राजदत्तांनी 1977 साली 'देवकीनंदन गोपाला' केला, डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले. भाचीनं तो पाहिलेला नाही. आता या दिवाळीत दाखवणार आहे.

सिनेमाकडे परत येतो, कारण आवडलेली आणखी एक व्यक्ती सांगायची राहिली. तिचं नाव मार्गो. तिला पडद्यावर फार वेळ नाही. मुख्यालयात माणसांना आपापल्या विश्वात परत पाठवणारं यंत्र आहे, त्याच्या टेबलावर ही पोरगी बसते. माइल्स शेकडो जणांना चुकवून त्या यंत्रात शिरतो. बाहेर मिगेल यंत्र फोडायला निघालेला, ओरडतो आहे. मार्गोला फक्त ते थांबवायचं आहे. तिचा हात वर जातो. ती माइल्सच्या चेहऱ्याकडे पाहते, आणि हात मागे घेते. यंत्र चालू राहतं, पोरगा निसटतो. ना ठोसा, ना जाळं. टेबलावर बसलेल्या एका माणसानं नियमापेक्षा समोरच्याचं तोंड पाहिलं. शेवटी ग्वेन नवी टोळी जमवते, सात-आठ जणांची: पवित्र आहे, गिटारवाला होबी आहे, लेक सोबत घेतलेला बाप आहे आणि ही मार्गो आहे. आधीची टोळी शेकड्यांची होती. मला विचाराल तर सुपरहिरोंच्या टोळीच्या सगळ्या सिनेमांत खरा संघ हाच.

दोष आहेत. सिनेमा अर्ध्यात सुटतो. माइल्स चुकीच्या विश्वात जाऊन पडतो आणि 'पुढे चालू' येतं. दोन तास वीस मिनिटं बसलेल्या प्रेक्षकाला घरी जाताना हातात काहीतरी द्यायला हवं. पुढचा भाग येईल तेव्हा येईल. पवित्रला मुंबॅटनच्या बाहेर फारसं काम नाही. आणि चित्रं इतकी वेगानं धावतात की माझ्या वयाच्या माणसाला मध्ये दोनदा डोळे मिटावे लागले.

एक दोष मात्र पडद्याबाहेरचा आहे आणि तो मोठा आहे. हजारच्या आसपास कलावंतांनी हा सिनेमा काढला. जूनच्या शेवटी 'व्हल्चर' या अमेरिकी नियतकालिकानं त्यातल्या चार जणांचं म्हणणं नाव न देता छापलं. दिवसाला अकरा तासांहून जास्त, आठवड्याचे सातही दिवस काम. झालेली चित्रं पुन्हा पुन्हा बदलायची. आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत सुमारे शंभर जण सोडून गेले. स्टुडिओच्या बाजूनं हे चित्र मान्य केलं गेलं नाही, ही त्यांचीही बाजू. पण एकाचाही बळी देऊ नका असं सांगणारा सिनेमा माणसं दमवून काढला गेला असेल, तर माइल्सनं सगळ्यात आधी उडी त्या इमारतीत मारायला हवी होती. सिनेमा मला आवडला म्हणून हे झाकणार नाही.

निकाल सांगतो. सिनेमा उत्तम आहे. मुलांना दाखवा, आणि मोबाईल खिशात ठेवून स्वतः शेजारी बसा. अमरावती-अकोल्यात जिथे लागेल तिथे खिडकीवर मराठी खेळ मागा. दहा जणांनी मागितला तर तो लावावा लागेल.

आणि एक विनंती, ती सिनेमागृहाच्या खिडकीवरची नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी कचेऱ्यांत हे सदर वाचलं जातं, मला पत्रं येतात. भाचीच्या मैत्रिणीच्या आईनं फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. असे अर्ज एकटीचे नाहीत, प्रत्येक तालुक्यात आहेत. तुमच्या टेबलावर त्यातला एखादा असेल तर या आठवड्यात तो वर काढा. कर्जाच्या रकान्यापुढे 'नाही' लिहिण्याआधी त्या बाईला समोर बसवा आणि बियाणं कुणाच्या पैशांनी आणलं होतं, एवढं विचारा. कृषी केंद्राची बिलं तिच्या ट्रंकेत आहेत. ती तिनं जपून ठेवली आहेत.